गाडींतला रातकिडा

आपली मोटार बिघडली आहे हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें आणि आपला मुलगा परीक्षेंत नापास झाला हें शेजाऱ्याच्या तोंडून ऐकणें, या दोहोंत फारसें अंतर नाहीं. दोन्ही प्रसंगीं मनांत जो पहिला विकार उठतो तो दुःखाचा नसतो. सांगणाऱ्याविषयींच्या रागाचा असतो. ‘तुम्हांला काय कळतें त्यांतलें?’ हा प्रश्न ओठांवर येतो, आणि सभ्यता आड आली नाहीं तर बाहेरहि पडतो. माझ्या बाबतींत तो बाहेर पडला. कारण सांगणारी व्यक्ति माझी पत्नी होती, आणि पस्तीस वर्षांच्या सहवासानंतर पतिपत्नींमध्यें सभ्यता फारशी आड येत नाहीं.

संक्रांतीचे दिवस होते. पवनारला त्या दिवसांत पहांटे धाम नदीवर धुकें दाटलेलें असतें आणि सकाळीं गाडीच्या कांचेवरचें दंव पुसल्याशिवाय समोरचें कांहीं दिसत नाहीं. मी कांच पुसून गाडी सुरू केली. ही शेजारीं बसली होती, मागें नातू दप्तर पोटाशीं धरून पेंगत होता. फाटकाबाहेर पडतों न पडतों तोंच ही म्हणाली, “अहो, गाडी कसलासा बारीक आवाज करते आहे.”

“चौदा वर्षांची गाडी आहे,” मी म्हणालों, “आवाज करणारच. तुझे-माझे गुडघे करीत नाहींत का?”

विनोद करून वेळ मारून नेण्याची विद्या मला शिक्षकाच्या धंद्यानें दिली आहे. वर्गांत अवघड प्रश्न आला कीं ती फार उपयोगीं पडते. त्या दिवशींहि पडली. पण आवाज विनोदानें थांबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुनेनेंहि तो ऐकला. रविवारीं नागपुराहून मुलगा आला, त्यानेंहि ऐकला. शेजारच्या वकिलांनीं तर कुंपणावरून वांकून विचारलें, “काय हो मास्तर, सकाळीं सकाळीं पक्षी पाळलेत कीं काय गाडींत?” हळूहळू तो आवाज आमच्या घरांतल्या एखाद्या माणसासारखा झाला. त्याची वाट पाहिली जाई, त्याच्याविषयीं बोललें जाई, आणि प्रत्येकानें त्याला आपापल्या पसंतीचें नांवहि ठेवलें. हिच्या मतें तो ‘चिरचिर’ होता. सुनेला तो ‘कुईंकुईं’ वाटे. मुलगा ‘किरकिर’ म्हणे. एके दिवशीं नातवानें मात्र सर्वांवर ताण केली. तो म्हणाला, “आजोबा, आपल्या गाडींत रातकिडा बसला आहे.”

आपल्या भाषेंत आवाजांच्या नांवांची मोठी श्रीमंती आहे. खडखड आणि खणखण, टकटक आणि ठकठक, कुरकुर आणि करकर, घरघर आणि गरगर, ह्या जोड्यांत एखादें अक्षर बदललें कीं वस्तूच बदलते. खडखड लांकडाची, खणखण धातूची. टकटक बोटाची, ठकठक हातोडीची. अनुकरणवाचक शब्दांचा हा धडा मीं बत्तीस वर्षें मुलांना शिकविला. पाटी फुटल्याचा आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, बैलाच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज, अशीं उदाहरणें देत देत मीं कित्येक तास आनंदांत घालविले. आणि आतां माझ्याच गाडींत चिरचिर आहे कीं किरकिर, हा वाद माझ्याभोंवतीं चालला असतां मी मुकाट्यानें चाक धरून बसलों होतों. कारण उघड होतें. मला तो आवाज ऐकूंच येत नव्हता.

हें मीं कोणाजवळ बोलून दाखविलें नाहीं. मनांतल्या मनांत मात्र मीं त्याचा निकाल लावून टाकला होता. गाडी मी चालवितों. तिच्या प्रत्येक धक्क्याचा अर्थ मला कळतो. मीं कान देऊन, खिडक्या लावून आणि खिडक्या उघडून ऐकलें आहे. मला आवाज येत नाहीं. अर्थात् आवाज नाहीं. एकानें ‘आहे’ म्हटलें आणि मग इतरांना तो ऐकूं येऊं लागला, यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. शिवाय (हेंहि आतां कबूल करण्यास हरकत नाहीं) निवृत्तीनंतर मनुष्याला मोठ्या खर्चाचें जें भय वाटूं लागतें, तेंहि माझ्या या तर्कशास्त्राच्या पाठीशीं उभें होतें. इंजिन उघडावें लागलें तर काय लागेल, याचा मीं दोन रात्रीं हिशेब केला होता. ज्या बिघाडाचा खर्च परवडत नाहीं, तो बिघाड नाहींच असें मानणें फार सोपें जातें.

आमचें घर आणि नातवाची शाळा यांच्यामध्यें धामवरचा पूल आहे. या पुलाची आणि मोटारीची एक जुनी हकीकत आहे. १९३८ च्या मार्च महिन्यांत प्रकृति अगदीं खालावल्यामुळें विनोबा जमनालाल बजाज यांच्या पवनार येथील बंगल्यांत राहावयास आले. त्यांची मोटार धामच्या पुलावर आली असतां त्यांनीं सर्व चिंता आणि विचार सोडून दिल्याचा संकल्प तीन वेळां उच्चारला, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. त्याच नदीवरच्या पुलावरून मी रोज सकाळीं जात होतों, आणि ‘माझी गाडी ठीक आहे’ एवढा हट्टसुद्धां माझ्यानें सोडवत नव्हता. पूल आला कीं ही हटकून म्हणे, “आतां ऐका.” मी ऐकल्यासारखें करीं आणि मान हलवीं. त्या हलविण्याचा अर्थ होकार कीं नकार, हें मीं मोघमच ठेवलें होतें.

असे तीन महिने गेले. वैशाखांत नागपुरास भाच्याचें लग्न ठरलें. वैशाखांतला विदर्भ ज्यानें पाहिला आहे त्याला त्या प्रवासाचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळत असतो आणि दुपारीं डांबरी रस्ता डोळ्यांपुढें पाण्यासारखा हलतो. आम्ही सर्वजण गाडीनेंच जावयाचें असा मीं बेत सांगितला. तेव्हां हिनें आपल्या नेहमींच्या शांत स्वरांत उत्तर दिलें, “मी एस्. टी. नें जाईन आणि नातवालाहि घेऊन जाईन. ती गाडी दाखवून आणल्याशिवाय मी तींत बसणार नाहीं.”

पस्तीस वर्षांत हिनें अशी वाक्यें तीन-चारच उच्चारलीं आहेत, आणि त्यांपैकीं एकहि मागें घेतलेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघेंहि गाडी घेऊन वर्ध्याला एका मिस्त्रीकडे गेलों.

मिस्त्री चाळिशीच्या आंतला, अबोल मनुष्य होता. त्याच्या गॅरेजांत पत्र्याखालीं चार गाड्या पोटें उघडून उभ्या होत्या. मीं त्याला प्रास्ताविक केलें, “हिला कसलासा आवाज येतो.” ‘हिला’ या शब्दावर मीं किंचित् भर दिला. त्यानें बॉनेट उघडलें नाहीं; गाडीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. हात पुसत तो म्हणाला, “आवाज कोणता ते मंग पाहू, सर. आधी केव्हा येते ते सांगा.”

मी गप्प. जो आवाज मीं ऐकलाच नव्हता त्याची वेळ मी काय सांगणार?

“थंडीत येते का गाडी तापल्यावर? उभी असताना येते का फक्त चालताना? क्लच दाबल्यावर जाते का राहते?”

आणि मग माझ्या मागें उभी असलेली ही बोलूं लागली. “सकाळीं गाडी सुरू केली कीं लगेच येतो. आधीं पांच मिनिटांत थांबत असे, आतां थांबत नाहीं. गाडी उभी असली तरी येतो. गाडीचा वेग वाढला म्हणून वाढत नाहीं, पण इंजिनाचा वाढला कीं वाढतो. चढावर खालचा गिअर टाकला कीं गाडी सावकाश जाते आणि हा मात्र चढतो. क्लच दाबल्यानें फरक पडत नाहीं. ब्रेकनेंहि नाहीं. आणि पुलावर सर्वांत स्पष्ट येतो. उजवीकडच्यापेक्षां डाव्या खिडकींतून जास्त.”

मी वळून तिच्याकडे पाहिलें. तीन महिने ही शेजारीं बसून हें सर्व टिपीत होती! मला वाटत होतें ती खिडकीबाहेर पाहत बसते.

मिस्त्री प्रथमच हंसला. “काकूनं अर्धं काम करून देल्लं,” तो म्हणाला.

त्याचें म्हणणें अगदीं यथार्थ होतें, हें मला त्या दिवशीं दुपारपर्यंत कळून आलें. हिच्या एकेका वाक्यानें संशयितांच्या रांगेंतला एकेक जण सुटत गेला होता. गाडी उभी असतांनाहि आवाज येतो, म्हणून चाकें आणि त्यांचीं बेअरिंगें निर्दोष. क्लच दाबून फरक पडत नाहीं, म्हणून गिअरपेटी बहुधा निर्दोष. इंजिनाच्या गतीबरोबर चढतो, म्हणून आरोपी इंजिनांतला किंवा इंजिनानें फिरविला जाणारा. पुलावर स्पष्ट येतो याचेंहि कारण साधें होतें. मोकळ्या रस्त्यावर गाडीचा आवाज दोन्ही बाजूंच्या शेतांत पसरून जातो. पुलावर तो कठड्यांवर आपटून खिडकींतून परत येतो. संशय आला तर गाडी एखाद्या लांब भिंतीच्या कडेनें हळूहळू न्यावी आणि खिडकी उघडी ठेवून ऐकावें, ही मिस्त्री लोकांची जुनी युक्ति आहे. आमच्या घरांत ती न शिकतां साधली होती.

बॉनेट उघडलें गेलें. इंजिन सुरू झालें. मिस्त्रीनें एक हातभर लांब पेचकस घेतला, त्याचें टोंक इंजिनाच्या अंगावर एके ठिकाणीं टेकविलें आणि लांकडी मूठ कानाशीं लावून डोळे मिटले. मग दुसरें ठिकाण, मग तिसरें. १८१६ मध्यें पॅरिसच्या लेनेक नांवाच्या डॉक्टरनें एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याच्या संकोचानें कागदाची गुंडाळी करून तिच्यांतून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यांतून पुढें स्टेथॉस्कोप निघाला. त्याच्याहि आधीं, १७६१ सालीं, व्हिएन्नाच्या ऑएनब्रुगरनें छातीवर बोटांनीं ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. खानावळवाल्या बापाला पिंपें ठोकून आंत दारू कोठपर्यंत आहे हें पाहतांना त्यानें लहानपणीं पाहिलें होतें, असें सांगतात. आपल्याकडे तर कुंभाराच्या दुकानांतली कोणतीहि बाई टिचकी मारून मडकें घेते, आणि स्टेशनावर हातोडीनें गाडीचीं चाकें ठोकीत जाणारा माणूस माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिला आहे. मडकें, चाक, छाती आणि इंजिन यांना विचारण्याची रीत एकच. आंत पाहतां येत नाहीं तेथें ऐकावें लागतें.

मिस्त्रीनें बाटलींतलें थोडेंसें पाणी फिरत्या पट्ट्यावर शिंपडलें. आवाज पट्ट्याचा असता तर तो क्षणभर थांबला असता किंवा उलट वाढला असता. तसा कांहींच फरक पडला नाहीं, असें त्यानें व हिनें एकाच वेळीं सांगितलें. मग त्यानें इंजिन बंद करून पट्टाच काढून टाकला आणि अर्धा मिनिट इंजिन पुन्हां चालविलें.

“गेला,” ही म्हणाली.

“गेला,” मिस्त्री म्हणाला.

मी दोघांकडे आळीपाळीनें पाहिलें. मला पट्ट्यापूर्वीचें इंजिन आणि पट्ट्यानंतरचें इंजिन यांत तिळमात्र भेद कळला नव्हता. माझा चेहरा मिस्त्रीनें वाचला असावा. त्यानें हलक्या आवाजांत विचारलें, “सर, तुमाले ऐकाले नाही येत काय?”

त्याच्या विचारण्यांत उपहास नव्हता. गाडी थंडींत आवाज करते कीं तापल्यावर, हें ज्या स्वरांत त्यानें विचारलें होतें, त्याच स्वरांत त्यानें हेंहि विचारलें होतें. त्यामुळेंच कदाचित् मला खोटें बोलतां आलें नाहीं. “नाहीं,” मी म्हणालों. हिनें माझ्याकडे पाहिलें, आणि मग लगेच दुसरीकडे.

मिस्त्रीनें पट्टा पुन्हां चढविला, इंजिन सुरू केलें, पेचकसाचें टोंक एका जागीं घट्ट टेकविलें आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाशीं धरली. प्रथम नेहमींची गुरगुर. मग तिच्या आंत, जात्यांत खडा सांपडावा तशी एक कोरडी खरखर! ती चिरचिर नव्हती, कुईंकुईं नव्हती. तो वरचा बारीक सूर माझ्यापर्यंत आलाच नाहीं. पण त्याच्या मुळाशीं असलेलें घर्षण लोखंडांतून आणि हाडांतून मला येऊन भेटलें. तीन महिन्यांनीं मी माझ्या गाडीचें म्हणणें ऐकत होतों.

दोष पाण्याच्या पंपाचा होता. इंजिनाभोंवतीं पाणी खेळवून त्याची उष्णता बाहेर नेण्याचें काम हा लहानसा पंप करतो. त्याचा दांडा ज्या बेअरिंगावर फिरतो तें झिजलें होतें. पट्टा काढल्यावर मिस्त्रीनें जनित्राची पुली हातानें फिरविली. ती लोण्यांतून जावी तशी फिरली. पंपाची फिरविली, ती अडखळत फिरली, आणि धरून हलविली तर दुखऱ्या दांतासारखी हललीहि. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोंक मुद्दाम ठेवलेलें असतें. आंतली बंदिस्ती कुजूं लागली कीं पाणी बेअरिंगांत न साचतां त्यांतून ठिबकतें आणि मालकाला सूचना मिळते. आमच्या पंपाच्या त्या भोंकाखालीं वाळलेल्या पाण्याचा हिरवट पांढरा ओघळ होता. गाडीनें तीन महिने आवाजानें सांगून पाहिलें होतें. मग आंसवेंहि गाळून पाहिलीं होतीं.

“हे असंच नागपूरले नेलं असतं तर?” मीं त्याचीच भाषा उसनी घेऊन विचारलें.

त्यानें खांदे उडविले. बेअरिंग रस्त्यांतच धरलें असतें तर पट्टा तुटला असता; पाणी फिरणें थांबलें असतें; आणि त्या उन्हांत काट्याकडे लक्ष गेलें नसतें तर इंजिनाचें डोकें वांकलें असतें. एवढें बोलून तो पंप आणावयास मुलाला पाठवूं लागला. मी मात्र वैशाखांतली दुपार, निर्जन रस्ता आणि मागच्या आसनावरचें आठ वर्षांचें पोर डोळ्यांपुढें आणीत उभा राहिलों.

पंप येईपर्यंत दोन तास गेले. मी बांकावर बसून मिस्त्रीला प्रश्न विचारले, आणि हातांतलें काम न सोडतां त्यानें मला आवाजांचा धडा दिला. टिकटिक अशी हलकी, इंजिनाच्या निम्म्या गतीनें होणारी असेल तर ती झडपांच्या बाजूची. कारण झडपा उघडणारा दांडा इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदांच फिरतो. खालून येणारी खोल ठकठक, ओझें पडल्यावर वाढणारी, ही सर्वांत वाईट. पिस्टनाच्या दांड्याचें बेअरिंग गेलें असें समजावें आणि गाडी तेथेंच उभी करावी. थंडींत फटफट आणि तापल्यावर शांत, असें असेल तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा फुटका. लोखंड तापून फुगतें आणि फट बुजते. वरच्या गिअरांत चढ चढतांना खणखण झाली तर पेट्रोल अवेळीं भडकतें आहे. तीन सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतें तेव्हां त्यांत सेकंदाला पंचाहत्तर भडके उडतात. आणि त्या पंचाहत्तरांतला एक चुकला तर या मनुष्याला तो उठून दिसतो! वर्गांत मीं खडखड आणि खणखण यांतला भेद शब्द म्हणून शिकविला. येथें तो भेद ओळखण्यावर माणसें सुखरूप घरीं पोंचत होतीं.

परत येतांना गाडींत आम्ही दोघें बराच वेळ बोललों नाहीं. पूल आला. मीं गाडी हळू केली आणि विचारलें, “आतां?”

“आतां नाहीं,” ही म्हणाली.

मीं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसरा मार्गच नव्हता. आवाज असतांना जशी मला गाडी वाटत होती तशीच ती नसतांनाहि वाटत होती.

त्या रात्रीं मला आपल्या जुन्या शास्त्रकारांची आठवण झाली. कुमारिल भट्टांच्या परंपरेंतले मीमांसक ‘अनुपलब्धि’ हें एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं. पण ते तेथेंच एक अट घालतात. वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति हवी. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ‘मला ऐकूं येत नाहीं, अर्थात् आवाज नाहीं’ असा निकाल देतांना मीं ही अट सोयिस्करपणें गाळली होती. आपल्याच कानांत अंधार असूं शकेल, हें माझ्या मनांतहि आलें नव्हतें.

लग्नाहून परतल्यावर मी सेवाग्रामच्या रुग्णालयांत कान दाखविण्यास गेलों. एका बंद खोलींत बसवून त्यांनीं माझ्या कानांना यंत्र लाविलें. सूर ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें. बरेच सूर आले. मग कोणी येईनासेंच झालें. परीक्षा संपली असें समजून मी बाहेर पाहूं लागलों, तेव्हां कांचेपलीकडची मुलगी अजून कळी फिरवीत होती. सूर चालू होते, मीच नव्हतों. नंतर डॉक्टरांनीं मला आलेख दाखविला. डावीकडे खालच्या पट्टीचे स्वर, उजवीकडे वरच्या. माझी रेघ डावीकडे बरी होती. मध्यावरून ती जी उतरली ती धामच्या घाटाच्या पायऱ्या उतराव्या तशी.

त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी अगदीं दाराशीं आणि खालच्या स्वरांच्या आंत खोलवर. दाराशीं असणाऱ्यांचीच झीज आधीं होते, आणि एकदां गेलेल्या पेशी पुन्हां येत नाहींत. म्हणून वृद्धपणीं मनुष्य बहिरा होतो तो सरसकट होत नाहीं. उंच आणि बारीक तेवढें नाहींसें होतें. स्वर ऐकूं येतात, कारण ते खालच्या पट्टींतले. स, श, फ हीं कुजबुजणारीं व्यंजनें गळून पडतात. आवाज येतो पण शब्द कळत नाहीं, आणि मग समोरचें माणूस पुटपुटतें आहे असें वाटतें.

मी ऐकत होतों आणि मला गेल्या कित्येक वर्षांतले प्रसंग आठवत होते. हिनें ‘फणी’ मागितली आणि मीं ‘पाणी’ नेऊन दिलें, हंसणें झालें. पण हंसण्यावारी न गेलेले प्रसंगहि होते. “तुम्ही माझें ऐकतच नाहीं,” असें ही म्हणे. आणि मला वाटे, हा संसारांतला नेहमींचा आरोप आहे. “तूं अलीकडे स्पष्ट बोलतच नाहींस,” असें मी म्हणें. तो प्रत्यारोप मीं किती वेळां केला असेल! हळूहळू हिनें बोलणें कमी केलें. मला वाटलें, वयाबरोबर स्वभाव शांत होतो.

घरीं आल्यावर मीं आणखी एक गोष्ट विचारली. रातकिड्याचा सूर नेमका कोठें बसतो, हें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. आपल्याकडच्या पुष्कळ रातकिड्यांचा सूर सेकंदाला चार-पांच हजार कंपनांच्या आसपास असतो; माझी रेघ जेथें खोल उतरली होती, नेमका तेथेंच. आमच्या नातवानें दिलेलें नांव सर्वांत अचूक होतें. पण माझा प्रश्न वेगळा होता. पवनारला पावसाळ्याच्या रात्रीं नदीकांठ रातकिड्यांनीं भरून जात असे. तो आवाज कांहीं वर्षांपासून नाहींसा झाला, असें माझें मत होतें. औषधांच्या फवाऱ्यांनीं किडे मेले, निसर्ग मुका झाला, असें मीं चार माणसांत मोठ्या तळमळीनें सांगितलेंहि होतें. मीं हिला विचारलें, “धामकांठचे रातकिडे गेले ते साधारण कोणत्या सालीं ग?”

ही माझ्याकडे पाहत राहिली. “गेले कुठें?” ती म्हणाली. “कधींच गेले नाहींत.”

आतां माझ्याजवळ कानांत घालण्याचीं दोन लहान यंत्रें आहेत. त्यांनीं जग पूर्वींसारखें होत नाहीं, हें कोणी माझ्यासारखा असेल त्यानें आधींच समजून असावें. वर्तमानपत्राचें पान उलटलें तर छपरावर पत्रा पडल्यासारखें वाटतें, आणि स्वयंपाकघरांतलीं भांडीं अंगावर येतात. चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं मी अजूनहि हरवतों. पण ‘फणी’ आणि ‘पाणी’ वेगळीं झालीं आहेत, आणि ही पुन्हां थोडी अधिक बोलूं लागली आहे. गाडींत बसलों कीं मी विचारतों, “कांहीं येतो का ग आवाज?” पूर्वीं हा प्रश्न मीं कधीं विचारला नव्हता. ती ऐकते, आणि मग उत्तर देते.

परवां पावसाची सर येऊन गेल्यावर रात्रीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. यंत्रांची वीज संपत आली होती म्हणून मीं तीं काढून डबींत ठेवलीं होतीं. नदीकडून गार वारा येत होता आणि माझ्यापुरतें सर्वत्र सामसूम होतें. मीं हिला विचारलें, “आहेत का?”

“आहेत,” ती म्हणाली. “आज फार आहेत.”